आतली खुर्ची

सुतळीने सगळं आयुष्य वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवण्यात घालवलं, आणि तरी एकही सिंफनी तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड वाजवलेली नव्हती. हे ऐकून कुणी तिला कामचुकार म्हणेल, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाले जोडीजोडीने बसतात. दोघांत एक स्टँड आणि स्टँडवर एकच नोटेशन. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरच्या खुर्चीवरचा, पलीकडचा तो आतल्या खुर्चीवरचा. पान संपत आलं की आतल्याने वाजवणं थांबवायचं, हात लांब करून पान उलटायचं आणि मग पुन्हा गज तारेवर टेकवायचा. तेवढी ओळ-दीड ओळ बाहेरचा एकटा ओढून नेतो. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. इतक्या जणांच्या गर्दीत एकाचा आवाज गेला काय आणि राहिला काय! सुतळी पहिल्या दिवसापासून आतल्या खुर्चीवर होती.

म्हणजे तिच्या संगीताला जागोजागी भोकं होती. कुठे ओळीचं, कुठे दीड ओळीचं. नवीन असताना तिने घरी त्या ओळीही घोटल्या होत्या. पण जे कधी लागणारच नाही ते कोण घोटत बसतं? पुढेपुढे घरच्या रियाजातही तिचा हात पानाच्या शेवटाशी आपोआप थांबायचा.

तशी भोकांची सवय तिला लहानपणापासूनचीच. आई-वडील ती कळती व्हायच्या आत गेले आणि मावशीने तिला आणलं. मावशीची नोकरी सभागृहात कोट सांभाळायची. लोक बाहेरच्या थंडीतून यायचे, कोट काढून काउंटरवर द्यायचे, पितळी बिल्ला घेऊन आत जायचे. पोरीला घरी एकटी कुठे ठेवणार, म्हणून मावशी तिला काउंटरच्या मागे टांगलेल्या कोटांखाली बसवायची. हडकुळी आणि लांबच लांब, म्हणून नाव पडलं सुतळी. ओल्या लोकरीचा वास आणि मधल्या जाड दारातून येणारं संगीत, हे तिचं बालपण. दारातून फक्त जोरजोरात वाजणारं ऐकू यायचं. हळू वाजायला लागलं की नुसती शांतता. त्या शांततेत काय वाजत असेल ते सुतळी मनाने रचायची आणि तिला ते पुरायचं.

एकदा दारावरच्या माणसाने दया येऊन तिला आत उभं केलं. जोराचा भाग संपला आणि तिने पहिल्यांदाच हळूचा भाग ऐकला. तो तिने रचलेल्यासारखा मुळीच नव्हता. ती तरातरा बाहेर आली.

"मावशी, ते चुकीचं वाजवतायत."

"असं? मग तू जाऊन बरोबर वाजव," मावशी म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत कोट होते आणि समोर लोक खोळंबले होते. ती हे थट्टेत म्हणाली, पण पोरीने ते मनावर घेतलं. पुढे सुतळीला कुणी विचारलं की तुम्हाला व्हायोलिनची प्रेरणा कुणाची, तर ती म्हणायची, दाराची. लोक हसायचे. ती मात्र खरंच सांगत असायची.

शिक्षण, परीक्षा, दोनदा नापास आणि तिसऱ्यांदा निवड, हे सगळ्या वादकांचं असतं तसंच तिचं. त्याच सभागृहात, दुसऱ्या व्हायोलिनच्या, म्हणजे पहिल्यांना साथ धरणाऱ्यांच्या रांगेत, मधल्या एका जोडीत तिला आतली खुर्ची मिळाली. बाहेरच्या खुर्चीवर दादा होते.

दादा तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. रुंद हात, जाड भुवया, गजाला राळ फासण्यात इतके उदार की काळ्या विजारीवर कायम पांढरी भुकटी. पहिल्याच तालमीला पान उलटून झाल्यावर सुतळीला परत कुठे शिरायचं तेच कळेना. गाडी चालू असताना चढायचं असतं, तसलाच तो प्रकार. तेव्हा दादांनी वाजवता वाजवताच मिटल्या तोंडाने, नाकातून, एक छोटासा हुंकार दिला. हुं. वजन उचलायच्या आधी माणूस देतो तसा. सुतळीने त्या हुंकारावर गज टेकवला आणि ती बरोबर जागेवर पडली.

तेव्हापासून ते तसंच चाललं. पान संपायचं, ती थांबायची, दादा एकटे वाजवायचे, मग हुं, आणि ती परत आत. तो हुंकार इतका हलका असायचा की पुढच्या जोडीलाही कधी ऐकू गेला नाही. दोघांमध्ये बोलणं म्हणाल तर काय होतं? "सुतळी, पेन्सिल आहे का गं?" "दादा, तुमचं कोपर." "आज फार गार वारा येतोय या बाजूने." इतकंच. सुतळी हे नाव त्यांना कुठून कळलं कोण जाणे, बहुतेक मावशीनेच कोट घेताना सांगितलं असणार. त्यांच्या घरी ती कधी गेली नाही, ते तिच्या घरी कधी आले नाहीत. लोकांना अशा ठिकाणी लगेच प्रेम दिसतं. लोकांना दुसरं सुचतच नाही! पण सुतळीला विचारलं असतं तर तिने खरंच सांगितलं असतं, की दर पानाच्या शेवटी ती ज्या माणसाचं एकट्याचं वाजवणं ऐकायची, ते तिच्याशिवाय जगात कुणीच ऐकत नव्हतं. श्रोत्यांसाठी तो आवाज गर्दीत मिसळलेला. तिच्यासाठी तो हाताच्या अंतरावर, एकटा, किंचित जाडसर, गज तारेवर मुरवून वाजवलेला. तिची सगळी भोकं दादांनी भरलेली होती.

दादा गेले ते फार गाजावाजा न करता. आधी खोकला, मग रजा, मग रजेची मुदत वाढवली, आणि एका तालमीच्या आधी प्रमुख बाईंनी उभं राहून सांगितलं. प्रमुख म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनची पुढारी, सुतळीहून वयाने बरीच लहान, पण वागायला नीट.

सुतळी त्यांच्या घरी भेटायला गेली. तिथे कुणी भाऊ होता, कुणी मेहुणी, कुणी शेजारी. प्रत्येकाला आपण कोण ते सांगता येत होतं. तिला येईना. दारात उभी राहून ती नुसती चप्पल काढत राहिली.

दादांच्या बायकोनेच तिला ओळखलं. "तुम्हीच का त्या पान उलटणाऱ्या?"

"हो."

"बसा ना. ते सांगायचे तुमच्याबद्दल."

काय सांगायचे, हे सुतळीने विचारलं नाही आणि बायकोनेही पुढे काढलं नाही. तिथून ती पायीच घरी आली. आपल्या दुःखाला नातंच नाही, मग ते मांडायचं कुठे, हे तिला कळत नव्हतं, आणि त्याचा तिला राग येत होता.

नियमाप्रमाणे बाहेरची खुर्ची सुतळीला मिळाली. आतल्या खुर्चीवर नुकतीच भरती झालेली एक मुलगी आली. नीटनेटकी, तयारीची, बोटं चुणचुणीत. "ताई, पान कधी उलटू? तुमची काही खूण असते का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"उलट तुला वाटेल तेव्हा," सुतळी म्हणाली.

पान संपत आलं. सुतळीचा उजवा हात सवयीने गजासकट वर उठला आणि पानाकडे गेला. त्याच क्षणी मुलीचाही हात आला. बोटावर बोटं आपटली. दोघी पान उलटतायत आणि वाजवत कुणीच नाही! मुलीला हसू फुटलं. सुतळी हसणार होती, पण तेवढ्यात तिला ऐकू आलं.

तो जाडसर, मुरलेला आवाज, जिथे दादा बसायचे तिथून, म्हणजे आता ती स्वतः बसली होती तिथूनच. ओळभर वाजला. मग हुं. सुतळीने त्या हुंकारावर गज टेकवला. ती अगदी जागेवर पडली. मुलीचा गज अजून मांडीवरच होता.

तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. दुसरी बाई असती तर रजा टाकून डॉक्टरकडे गेली असती. सुतळी पुढच्या पानाची वाट बघत बसली.

पुढच्या पानालाही तेच झालं, आणि दुसऱ्या दिवशीही. हळूहळू तिला त्याचा नेम कळला. तिने वाजवलं नाही तरच दादा वाजवत. तिने एक स्वर जरी काढला तरी काही नाही. म्हणून तिने शक्कल लढवली. पान संपत आलं की गज तारेपासून जेमतेम केसभर उचलायचा आणि बाकीच्यांबरोबर हवेतच फिरवायचा. लांबून बघणाऱ्याला ती वाजवतेच आहे असं वाटावं. अशी ती दर पानाला थांबायची, कान लावायची, हुंकार आला की तारेवर उतरायची. रांगेतल्या इतक्या माणसांत बसून ती एका मेलेल्या माणसाला भेटून यायची. घाबरली ती सुरुवातीलाच काय ती. नंतर तिला भीती एकाच गोष्टीची वाटायला लागली, की हे बंद पडेल.

जोडीदारापासून असलं काही लपत नाही. "ताई, रागावू नका," एकदा मधल्या सुट्टीत मुलगी म्हणाली, "पान उलटताना आपल्या स्टँडवर एकदम शांत होतं."

"गर्दीत तुला ऐकू येत नसेल."

"तुम्ही तर इथे शेजारी आहात, ताई." ती पुढे बोलली नाही. चांगली मुलगी होती. पण कंडक्टर काही चांगली मुलगी नव्हते. त्यांनी एके दिवशी सगळ्यांना थांबवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "दुसऱ्या व्हायोलिनमध्ये कुठेतरी भोक पडतंय. पुढच्या आठवड्यात एकेक जोडी वाजवून दाखवेल." वाद्यवृंदात याच्यासारखी दुसरी धमकी नाही. भलेभले त्या दिवशी पोट बिघडल्याचं कळवतात.

प्रमुख बाईंनी सुतळीला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्या जोडीकडे त्यांचं लक्ष गेलंय. काही त्रास होतोय का? हात दुखतो का?" मग थोडं थांबून, "त्यांनी सगळ्यांसमोर काढलं तर मला काही करता येणार नाही. खुर्ची जाईल."

सुतळीला सुटका सुचली. "मला परत आतली खुर्ची द्या."

"अहो, बाहेरच्या खुर्चीवरून आत कुणी मागून घेतं का?"

"मी घेतेय."

तिचं गणित साधं होतं. आत बसलं की थांबणं हे कामच, चोरी नाही. पान उलटायचं, हक्काने गप्प बसायचं आणि दादांना ऐकायचं. भोकाची तक्रार नाही, खुर्चीला धोका नाही. हे आधीच कसं सुचलं नाही, म्हणून त्या दिवशी ती स्वतःवर खूश होऊन घरी गेली.

पुढच्या तालमीला मुलगी बाहेर आणि सुतळी आत. पान संपत आलं. सुतळी थांबली, हात लांब केला, पान उलटलं आणि कान लावला. मुलगी वाजवत होती. स्वच्छ, सुरेल, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. त्या आवाजाखाली, मागे, बाजूला सुतळीने दादांना शोधलं. ते नव्हते. जागा भरलेली होती, ते येणार कुठून? ओळ संपली आणि हुंकारही आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुतळी चुकली. सगळे थांबलेले असताना तिचा एकटीचा गज तारेवर पडला आणि एक स्वर भरसभागृहात उघडा पडला. प्रमुख बाईंनी वळून पाहिलं. कंडक्टरांनीही पाहिलं. त्या नजरांनीच सुतळीचे कान तापले.

सुट्टीत ती कोटांच्या खोलीत जाऊन बसली. मावशीच्या जागी आता दुसरंच कुणी होतं, पण कोट तसेच टांगलेले होते. त्यांच्यात तोंड खुपसून ती रडली. मोठी बाई, केस पांढरे, लोकांच्या कोटांत रडतेय! दादा गेल्याचं तिला खरं म्हणजे त्या दिवशी कळलं.

मावशी घरी होती. आता पार थकलेली, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र तशीच. सुतळीने तिला सगळं सांगितलं. मावशीला सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागायचं, त्यामुळे मेलेल्या माणसाचं व्हायोलिन ऐकू येतं ही गोष्ट बहुधा वरच्या मजल्यालाही कळली असेल.

मावशीने अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. "म्हणजे त्याचं सगळं आयुष्य तुझ्या वाटचं वाजवण्यात गेलं."

"हो."

"आणि आता मेल्यावरही त्यालाच वाजवायला लावतेस?" मावशीने पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं. "दमला असेल गं तो."

दादांकडे सुतळीने या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. आपण त्यांना ऐकतो, आपल्याला ते हवेत, आपल्याला, आपल्याला. दर पानाला त्या माणसाला आपण उठवतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. पण त्यांना सोडायचं मन होईना, तेही तितकंच खरं.

त्या आठवड्यात ती रोज सकाळी खिडकीशी स्टँड लावून बसली आणि ती भोकं शिकायला लागली. बोटांना त्या ओळी ठाऊकच नव्हत्या. आजूबाजूचं सगळं झोपेत वाजवेल, आणि मधली ओळ आली की नवशिक्यासारखी अडखळायची. एकेक स्वर, मग दोन, मग ओळ. प्रत्येक स्वर पक्का होताना तिला वाटायचं, आपण दाराला आतून एकेक खिळा ठोकतोय आणि बाहेर कुणीतरी उभं आहे. दोनदा तिने व्हायोलिन खाली ठेवलं. दोनदा परत उचललं.

आतल्या खोलीतून मावशी ओरडली, "आज थांबली नाहीस!"

"काय?"

"नेहमी तिथे थांबायचीस. इतकी वर्षं ऐकतेय. मला वाटायचं तो तुकडा तसाच आहे."

सुतळीने प्रमुख बाईंना सांगून बाहेरची खुर्ची परत घेतली. बाईंनी कपाळाला हात लावला, पण दिली. जोडीजोडीने वाजवायची वेळ आली तेव्हा ती वाजवून गेली. कंडक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या जोडीकडे वळले. खुर्ची वाचली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. पहिलं पान संपत आलं. मुलीचा हात पुढे आला आणि सुतळीने गज तारेवर ठेवूनच ती ओळ वाजवली. तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू आला. थोडा पातळ, थोडा घाबरट. दुसऱ्या पानाला तेच, तिसऱ्यालाही तेच. त्या खुर्चीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. सिंफनी संपली, टाळ्या झाल्या, सगळे उभे राहिले, आणि सुतळीला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण ही अखंड वाजवली. तिला त्याचा जराही आनंद झाला नाही.

आत येऊन ती गज पुसत होती. मुलगी शेजारी येऊन आपली पेटी उघडायला लागली.

"ताई, आज किती छान झालं. आणि एक सांगू? ती तुमची खूण फार उपयोगाची आहे. पान उलटल्यावर मला कळायचंच नाही परत कुठे शिरायचं."

"कसली खूण?"

"अहो, तुम्ही ते करता ना. हुं."

सुतळीच्या हातातलं फडकं थांबलं. "मी?"

"मग कोण? तुमच्याच बाजूने येतो."

"कसा करते? करून दाखव."

मुलगी जरा संकोचली. मग तिने तोंड मिटून, नाकातून, वजन उचलायच्या आधी माणूस देतो तसा छोटासा आवाज काढला. हुबेहूब तोच. ही मुलगी दादांना कधी भेटलेली नव्हती. त्यांचा फोटोही तिने पाहिलेला नव्हता.

आपल्याला सवय लागली असेल, सुतळीने मनाशी म्हटलं. इतकी वर्षं ऐकलं, ते नकळत आपल्याच नाकातून निघत असेल. असं होतं. पण ते मनात मुरेना. म्हणून पुढच्या तालमीला पान संपत आलं तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले, दात आवळले आणि ती सगळी ओळ श्वास कोंडून वाजवली. छातीत कळ येईपर्यंत. तिला काहीच ऐकू आलं नाही. बाजूला मुलीचा गज मात्र अचूक जागी तारेवर उतरला.

सुट्टी होईपर्यंत तिला दम धरवेना. सगळे उठले तशी तिने हळूच विचारलं, "आज?"

"आज पण आला की," मुलगी म्हणाली. "का हो?"

सुतळीला मत्सर वाटला. सरळ, झोंबणारा, एखाद्या कोवळ्या पोरीला वाटावा तसा. ज्या आवाजासाठी तिने खुर्ची पणाला लावली तो आता हिच्या कानात जाऊन बसला होता, आणि हिला त्याचं काही सोयरसुतकही नव्हतं. मुलगी गजाला राळ फासत होती, भुकटी तिच्या काळ्या कपड्यांवर पडत होती. सुतळी ती पांढरी भुकटी बघत राहिली.

"ताई? काही चुकलं का माझं?"

"नाही गं," सुतळी म्हणाली. तिने हात पुढे करून मुलीच्या मांडीवरची भुकटी झटकली. "नीट ऐकत जा हं तेवढं."